आमचे उंबरे आणि ताईची वाट

सुज्ञ व सहृदय वाचकहो,

एका भर बाजारातील रस्त्याच्या कडेची वाट कशी बिघडली, ती सुधारण्याच्या प्रयत्नात अधिक कशी बिघडली, आणि अखेरीस माणसाने पायी चालावे अशी ती कशी झाली, याची साद्यंत हकीकत प्रस्तुत कथेत निवेदन करण्याचे मी योजिले आहे. या कथेत राजा नाही, राणी नाही, खून नाही, गुप्तधन नाही. आहे ती एक स्त्री, जिला आपल्या घरून आपल्या दुकानापर्यंत स्वतःच्या पायांनी जावयाचे होते. एवढीशीच का गोष्ट, असे कोणी म्हणेल. परंतु ज्याचे जळते त्यालाच कळते, हे वचन आपल्या पूर्वजांनी उगाच केलेले नाही.

सदर स्त्री म्हणजे माझी थोरली बहीण. मी तिला ताई म्हणतो व माझे ऐकून अख्खा बाजार तिला ताई म्हणतो, तिच्याहून वयाने वडील असणारेसुद्धा. तिचा व्यवसाय कपडे दुरुस्त करण्याचा. नवे कपडे शिवणारे पुष्कळ आहेत, परंतु सैल झालेले आवळणे, आखूड झालेले उसवून लांब करणे, आणि फाटलेले असे रफू करणे की कोठे फाटले होते हे फाडणाऱ्यालाही सापडू नये, ही विद्या आमच्या बाजारात तिच्याचकडे. तिचे दुकान रस्त्याच्या वरच्या टोकाला व आमचे घर खालच्या टोकाला. तळमजल्यावर माझी रंगाची खोली आहे, जेथे मी दुकानांचे बोर्ड रंगवितो, व वरती आम्ही राहतो. आई लवकर गेल्यामुळे मला वाढविले ते ताईनेच. पुढे तिचे यजमान निवर्तल्यावर ती मुलाला घेऊन माझ्या घरी आली. तेव्हापासून मी तिच्याकडे राहतो की ती माझ्याकडे, हा प्रश्न सुटलेला नाही. ती म्हणते, कोण कोणाला उठवतं ते बघ, म्हणजे उत्तर सापडेल.

आता रस्त्याविषयी. आमचा रस्ता गावाच्या ऐन मध्यावर आहे. दोन्ही बाजूंस दुकाने, दुकानांवर बिऱ्हाडे, आणि दुकानांपुढे पदपथ. पदपथ हा शब्द मी आदराने लिहिला, कारण त्यावर पद ठेवण्यास जागा मुळीच नव्हती. भांडीवाले काका आपली पातेली व बादल्या एकात एक घालून मनोऱ्यासारख्या रचीत. बेकरीवाल्याचे रिकामे ट्रे बाहेर. घड्याळे दुरुस्त करणाऱ्याच्या दारात गिऱ्हाइकांच्या दुचाक्या. आणि जागोजागी तिरक्या पायांवर उभे असलेले बोर्ड, जे मीच रंगविलेले होते. त्यामुळे पायी चालणारा माणूस पदपथावरून उतरून रस्त्यात जाई, आणि जीव मुठीत धरून गाड्यांच्या कडेकडेने पुढे सरके. आम्हांला त्यात काही वावगे वाटत नव्हते. रोज पाहिलेली गोष्ट डोळ्यांना दिसेनाशी होते.

आमच्या बाजाराची एक रीत येथे सांगितली पाहिजे, कारण पुढील सर्व रामायण तिच्यातूनच घडले. सकाळी दुकान उघडल्यावर प्रत्येकजण आपल्या दारापुढची जागा झाडतो. आपल्या, म्हणजे आपल्या भिंतीच्या या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत. त्यापुढे केरसुणी एक बोटही सरकत नाही. हद्दीवर कागदाचा एखादा कपटा पडला तर डावीकडचा तो उजवीकडे लोटतो, थोड्या वेळाने उजवीकडचा डावीकडे लोटतो, आणि दुपारपर्यंत त्या कपट्याचा प्रवास बाजारातल्या कोणत्याही माणसाहून जास्त होतो. दोघेही मनाने चांगले. दोघांच्याही दारापुढे आरशासारखे स्वच्छ.

गेल्या वर्षी ताई दुकान बंद करून घरी परतत असता भांडीवाले काकांच्या मनोऱ्याला वळसा घालण्यासाठी पदपथावरून खाली उतरली. त्याच क्षणी मागून आलेल्या एका दुचाकीचा धक्का तिला लागला. खुब्याचे हाड मोडले. शस्त्रक्रिया झाली, अंथरुणावर पडून राहण्याचे दीर्घ दिवस गेले, आणि अखेर काठी घेऊन ती उभी राहिली. घरातल्या घरात चालू लागली. जिना धरून उतरू लागली. परंतु दाराबाहेर पाऊल टाकले की समोर तोच रस्ता.

तिचा मुलगा, म्हणजे माझा भाचा, दूरच्या शहरात नोकरीस असतो. आईच्या काळजीने त्याचा जीव अर्धा झाला होता. त्याने आपल्या घरात तिच्यासाठी एक खोली तयार करविली होती. सुटीत येऊन तो तिच्या उशाशी बसला व म्हणाला की शिवणयंत्रही सोबत नेऊ, खिडकीपाशी ठेवू, बसल्या बसल्या हवे ते शीव. ताईने विचारले, "आणि कपडे कोणाचे दुरुस्त करू? तुझे? तुला तर नवे घ्यायची सवय आहे."

वाद पुष्कळ झाला. शेवटी भाचा म्हणाला, "आई, तू दुकानापर्यंत एकटी चालत जाऊन दाखव. मामाचा हात न धरता, कोणाची गाडी न घेता. मी पुन्हा नाव काढणार नाही. पण नाही जमलं, तर पुढच्या सुटीत मी गाडी घेऊन येईन आणि तू मुकाट्याने बसायचंस."

ताई म्हणाली, "कबूल."

मी नंतर तिला सुचविले की मी रोज तुला कोणाच्या तरी गाडीवरून दुकानात सोडीन व संध्याकाळी आणीन. तिने माझ्याकडे असे पाहिले की मी तेथेच निम्मा झालो. "मला काय पोतं समजलास? सकाळी टाकायचं, संध्याकाळी उचलायचं?"

वाचकहो, घर पुन्हा एकदा आईवाचून होणार, ही कल्पना मला या वयातही सहन होईना. ताई गेली तर तिच्या दुकानाला कुलूप लागेल आणि तिला त्या खिडकीच्या खोलीत करमणार नाही, हे मी जाणून होतो. म्हणून मी कंबर कसली व दारोदार फिरलो.

दुपारी बाजार सुस्त असतो, त्या वेळी आमच्या बाजूचे सर्व दुकानदार बेकरीच्या मागच्या खोलीत जमले. भट्टी निवत होती व पिठाच्या पोत्यांवर बसायला जागा होती. मी जेवढे सुचले तेवढे बोललो. फार बोलावे लागले नाही. तेथे असा एकही नव्हता ज्याच्या अंगावरच्या कपड्याला ताईचा टाका नव्हता. बेकरीवाला म्हणाला, ताईसाठी नाही करायचे तर मग कोणासाठी करायचे. घड्याळवाल्याने मान हलविली. भांडीवाले काका मात्र कोपऱ्यात खाली पाहत बसले होते व शब्द बोलत नव्हते. त्या दिवशीचा मनोरा त्यांच्या दारातला होता, हे सर्वांना ठाऊक होते व कोणीही तो विषय काढला नव्हता.

ठराव असा झाला की ज्याने त्याने आपल्या दारापुढचा पदपथ मोकळा करावा व चालण्यास उत्तम करून द्यावा. टाळ्या वाजल्या.

आणि वाचकहो, शब्द दिला तो लोकांनी पाळला. किंबहुना शब्दापेक्षा जास्तच केले. मी माझे सर्व तिरके बोर्ड उचलून भिंतीवर टांगून दिले. भांडी आत गेली, ट्रे आत गेले. मग चढाओढ लागली. घड्याळवाल्याने आपल्या दारापुढे काळ्याभोर गुळगुळीत फरशा बसविल्या, ज्यांत तोंड पाहून भांग पाडता यावा. बेकरीवाल्याच्या दुकानात पाणी शिरत असे, म्हणून त्याने आपला पदपथ वीतभर उंच उचलला. चष्मेवाल्याने लाल विटा तिरप्या बसवून नक्षी काढली. आणि भांडीवाले काकांनी तर सर्वांवर ताण केली. त्यांनी गवंडी बोलावून, स्वतः उन्हात उभे राहून, रुंद व मऊ असा उतार करून घेतला, आणि कडेला धरण्यासाठी एक कठडाही बसविला. त्यांनी एवढे कष्ट स्वतःच्या दुकानासाठीही घेतलेले मी पाहिले नव्हते.

काम पूर्ण झाले. एका सकाळी ताई काठी घेऊन जिना उतरली. सर्व दुकानदार आपापल्या दारात घरच्या कार्यातल्या यजमानासारखे उभे होते. कोणी म्हणाले, या ताई, कोणी म्हणाले, सावकाश. ती निघाली.

माझ्या दारापुढून ती नीट गेली. चष्मेवाल्याच्या विटांवर नीट गेली. तेथून बेकरीकडे जाताना वीतभर चढण्याची पाळी आली. काठी वर, मग चांगला पाय, मग दुखरा पाय. ती चढली. बेकरी संपली, तेथे तीच वीत उतरण्याची पाळी. उतरली ती घड्याळवाल्याच्या काळ्या फरशांच्या कडेवर, आणि काठीचे टोक बर्फावर ठेवावे तसे सटकले. तिने भिंत धरली म्हणून वाचली. पलीकडे भांडीवाले काकांचा उतार सुरू होणार होता, परंतु काळ्या फरशा आणि उतार यांच्यामध्ये एक चर राहिलेला होता, दोघांच्या हद्दीवरचा, जो दोघांनीही भरला नव्हता.

ताई त्या चराशी उभी राहिली. काका कठड्याला धरून पलीकडे उभे होते व हात पुढे करावा की न करावा अशा पेचात होते. ताईने मागे पाहिले, पुढे पाहिले. मग ती हळूच पदपथावरून खाली रस्त्यात उतरली, आणि ज्या रस्त्यावर तिचे हाड मोडले होते त्याच रस्त्यावरून, गाड्यांच्या कडेकडेने, घरी परत आली. मी मागोमाग चालत होतो.

त्यानंतर बाजारात जे भांडण झाले त्याचे वर्णन करून मी कागद काळे करीत नाही. प्रत्येकाचे म्हणणे एकच की माझ्या दारात ती अडखळली नाही. आणि गंमत अशी की ते खरे होते. ताई कोणाच्याच दारात अडखळली नव्हती. जेथे जेथे अडखळली ते ठिकाण दोन दारांच्या मध्ये होते.

मी घरी आलो तेव्हा ती आपल्या कात्र्या एका फडक्यात गुंडाळीत होती. मी विचारले, हे काय. ती म्हणाली, जायचेच आहे तर धार तरी जपून न्यावी. मी खाली बसलो. मग ती आपण होऊन बोलू लागली.

"झग्याची खालची कड मी कशी मारते, बघितलंयस कधी?"

मी म्हटले, बघितले असेन.

"बघितलं नाहीस. नवशिके काय करतात, टेप कमरेला लावतात आणि तिथून खाली मोजतात. चारी बाजूंनी सारखं. आणि बाई उभी राहिली की कड ही अशी वाकडी लोंबते. कारण कोणाचं पोट पुढे, कोणाची पाठ मागे, कोणाची एक बाजू वर. कंबर कोणाचीच सरळ नसते. मी बाईला उभी करते आणि जमिनीपासून मोजते. जमीन सगळ्यांना एकच."

"मग?"

"मग काय मग. तुम्ही सगळे नवशिके. प्रत्येकाने आपल्या उंबऱ्याला टेप लावली." असे म्हणून तिने शेवटची कात्री गुंडाळली. "आता मला बोलायला लावू नकोस, पाय दुखतोय."

त्या रात्री मला चांगली झोप लागली नाही, परंतु सकाळी उठलो तो डोके स्वच्छ होते. मी थेट नगरपालिकेत गेलो. तेथे रस्त्यांचे काम पाहणाऱ्या एक तरुण अभियंता बाई होत्या. मला वाटले होते की माझे ऐकून त्या हसतील किंवा पुढच्या वर्षी या म्हणतील. त्यांनी मला खुर्ची दिली. म्हणाल्या की पदपथ मुळात नगरपालिकेचा आहे व नव्याने करून देण्यास त्यांची ना नाही, तशी तरतूदही पडून आहे. अडचण निराळीच होती.

"मला एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत एक रेषा हवी. आम्ही रेषा आखली की कोणाचा तरी उंबरा मध्ये येतो आणि तो कोर्टात जातो. तुमची तुम्ही आखा. सगळ्यांनी मान्य केलेली रेषा मला दाखवा, मी दुसऱ्या दिवशी माणसं पाठवते."

दुपारी पुन्हा बेकरीत सभा भरली. मी ताईची झग्याची गोष्ट सांगितली. चष्मेवाला प्रथम हसला, मग आपल्या पायांकडे पाहू लागला. अभियंता बाई स्वतः आल्या होत्या. त्यांनी पाणी भरलेली एक पारदर्शक नळी आणली होती. नळीची दोन टोके दूर दूर धरली तरी दोन्हीकडे पाणी एकाच उंचीवर उभे राहते, त्यावरून खूण करायची. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत खुणा झाल्या व खुणांवरून दोरी ताणली. दोरी ताणताच सर्वांना सर्व दिसले. बेकरीवाल्याची वीत दोरीच्या वर. काळ्या फरशा खाली. आणि काकांचा उतार तर दोरीला एका बाजूने भिडून दुसऱ्या बाजूने पार निसटलेला.

एकेकाने मान्य केले. बेकरीवाला म्हणाला, पाणी शिरले तर पाव पोहतील, पण ठीक आहे. बाईंनी त्याला पाण्याला वाट काढून देण्याचे वचन दिले. घड्याळवाला आपल्या फरशांकडे पाहून म्हणाला की आता बायको घरात घेणार नाही, तिच्या पसंतीच्या होत्या. परंतु तोही तयार झाला.

भांडीवाले काका उठून गेले.

मी त्यांच्या मागे त्यांच्या दुकानात गेलो. ते एका परातीवर फडके फिरवीत उभे होते. मी पुष्कळ समजावले. ते परात पुसतच राहिले. मग एकाएकी म्हणाले, "पेंटर, तो उतार मी ताईसाठी केलाय. तिला तोंड दाखवायला जागा नव्हती मला. बोलता येत नाही म्हणून केलाय तो. आता तोच ताईसाठी फोडू म्हणतोस?"

मला वाटत होते की काका हट्टी आहेत. तो हट्ट नव्हता. जे शब्दांनी मागता आले नाही ती माफी त्या माणसाने सिमेंटमध्ये घालून आपल्या दारात मांडली होती, आणि आम्ही पहार घेऊन उभे होतो. परंतु तेवढा तुकडा राहिला असता तर सर्व रेषा मध्येच तुटली असती, आणि बाईंची माणसे आली नसती, आणि ताईच्या गुंडाळलेल्या कात्र्या पुन्हा बाहेर निघाल्या नसत्या.

घरी येऊन मी ताईला सर्व सांगितले. ती ऐकत होती. तिचे डोळे भरून आले असावेत, परंतु तिने तोंड खिडकीकडे केल्यामुळे मी खात्रीने सांगू शकत नाही. मग ती म्हणाली, "त्यांना जाऊन सांग, ताईने निरोप दिलाय. म्हणावं, उतार फार सुरेख झालाय. बघितला मी. पोचलं सगळं. पण मला त्यावर घर करून राहायचं नाहीये, काका. मला पुढे जायचंय."

मी तो निरोप जसाच्या तसा पोचविला. काकांनी परात खाली ठेवली. "पोचलं म्हणाली?" त्यांनी विचारले. मी म्हटले, हो, असेच म्हणाली. ते दारापर्यंत जाऊन उतारावर एकदा नजर टाकून आले. नंतर मला म्हणाले, "पहार तुझ्याकडे आहे का माझी आणू?"

पहिला घाव काकांनी स्वतः घातला. कोणी हात लावू लागले तर लावू देईनात. कठडा मात्र त्यांनी फोडला नाही, अलगद काढून घेतला, आणि बाईंनी तो कोठे तरी बसवू असे कबूल केले.

मग सर्व बाजार फोडण्याच्या कामी लागला. धूळ एवढी की बेकरीवाल्याचे पीठ कोणते आणि धूळ कोणती हे त्याचे त्यालाच कळेना. गिऱ्हाईक दोरी ओलांडून येई, व प्रत्येकाला प्रत्येकजण ही दोरी कशासाठी हे नव्याने सांगे. ताईने आपली खुर्ची वरच्या खिडकीत मांडली होती. तेथून दोरी शेवटपर्यंत दिसे. ती वरून हाक देई की अहो बेकरीवाले, तुमच्याकडे झोल आलाय, आणि बेकरीवाला हातचे काम टाकून दोरी ताणीत असे. चष्मेवाला एकदा वर पाहून म्हणाला, "ताई, पायाचं हाड मोडलं, पण नजर काही मोडली नाही." ताई म्हणाली, "मग तुझ्या दुकानात गिऱ्हाईक एक कमी."

बाजाराच्या मधोमध एक बंद दुकान आहे, ज्याचा मालक कित्येक वर्षांत फिरकलेला नाही. दोन्ही शेजारी आपला केर तेथेच लोटीत असत. तेथील पदपथ कोणी फोडावा, यावर क्षणभर सर्व थांबले. ती जागा कोणाचीच नव्हती. मग घड्याळवाला तेथे उतरला, मी उतरलो, काका उतरले, आणि बघता बघता तेवढ्या तुकड्यावर इतके जण झाले की पहार फिरवायला जागा उरली नाही. मला सांगावेसे वाटते की संपूर्ण कामात सर्वांत जास्त हसणे त्या जागी झाले. दुचाक्या मागच्या मोकळ्या आवारात लावाव्यात हेही तेथेच ठरले. त्यावर काही दिवस कुरकुर चालली, ती अजूनही थोडी चालते.

बाईंनी शब्द पाळला. त्यांची माणसे आली व खालच्या टोकापासून सिमेंट घालीत वर सरकू लागली. परंतु मध्ये दोन दिवस यंत्र बिघडले आणि काम लांबले. इकडे भाचा ठरल्याप्रमाणे गाडी घेऊन आला.

त्याची गाडी रस्त्यात शिरू शकली नाही, कारण सिमेंटचे मिश्रण करणारे यंत्र आडवे उभे होते. तो पायी चालत घरापर्यंत आला, व वाटेत त्याने काय पाहिले हे त्याने सांगितले नाही. त्याची सुटी अपुरी होती, संध्याकाळी परतणे भाग होते. ताई म्हणाली, चल. ती जिना उतरली. भाचा चार पावले मागे, त्याच्यामागे मी.

वाट एकसारखी होती. काठी ठेवली की राही. कोठे चढणे नाही, उतरणे नाही. ताई बेकरीवरून गेली, काकांच्या दुकानावरून गेली, त्या बंद दुकानावरून गेली. मला वाटले, जिंकलो. आणि मग आडवी फळी लागली. पलीकडचे सिमेंट सकाळीच घातलेले होते, ओले होते. तिचे दुकान समोर दिसत होते, परंतु त्या ओल्या पट्ट्याच्या पलीकडे.

काका धावत आले व म्हणाले की मी फळ्या टाकतो, एका मिनिटात टाकतो. मी म्हटले, थोडेसेच आहे, रस्त्यातून वळसा घालू, मी दुचाक्या थांबवितो. ताईने दोघांनाही हाताने गप्प केले.

ती मुलाकडे वळली. "मी आज पोचले नाही. तू म्हणालास दुकानापर्यंत. इथवरच झालं." तिचा आवाज सरळ होता. "ठरल्याप्रमाणे तू म्हणशील तर मी गाडीत बसते."

भाचा खाली वाकला व त्याने ओल्या सिमेंटला बोट लावून पाहिले. मग उठला.

"वाळेल की," तो म्हणाला. "तू पुढे जाताना मला इथूनच दिसतेयस, आई. हे काय एकट्या तुझ्यासाठी केलंय का यांनी?"

"सुरुवात माझ्यासाठी केली," ताई म्हणाली. "आता त्यांना सवय लागलीय."

तो रिकामी गाडी घेऊन परत गेला. जाताना मला बाजूला घेऊन म्हणाला, "मामा, मला फोन तू करायचा नाहीस. आईने करायचा. दुकानातून."

सिमेंट पक्के झाल्याचे बाईंनी सांगितले, त्याच्या दुसऱ्या सकाळी ताई निघाली. आदल्या दिवशी तिने बाजारभर निरोप धाडला होता की उद्या कोणी दारात उभे राहू नये, मी काही वरात नाही, ज्याने त्याने आपापले काम करावे. त्याप्रमाणे सर्वजण काम करीत होते. चष्मेवाला एकच भिंग पुसत होता. घड्याळवाल्याच्या डोळ्याला भिंग होते, परंतु समोर घड्याळ नव्हते. काका आत तोंड करून पातेली मोजीत होते व त्यांची मोजदाद सारखी चुकत होती. मी माझ्या खोलीतून निघून रस्त्याच्या पलीकडच्या बाजूने, खांबांच्या आडून चाललो होतो.

वाटेत एक बाई बाबागाडी ढकलीत समोरून आली. ताई व ती एकमेकींना वाट देत क्षणभर थांबल्या, काहीतरी बोलल्या, आणि दोघीही पुढे गेल्या. त्या पदपथावर समोरासमोर आलेली दोन माणसे न उतरता एकमेकांच्या शेजारून गेल्याचे मी प्रथमच पाहिले.

दुकानाशी पोचल्यावर तिने कुलूप काढले. दार उघडण्यास जरा वेळ लागला. आत जाऊन तिने खुर्चीवरची धूळ पदराने झटकली, बसली, आणि फोन लावला. मी आता पलीकडे उभा होतो, तरी तिचे बोलणे मला ऐकू आले, कारण फोनवर मोठ्याने बोलण्याची तिला सवय आहे.

"दुकानातून बोलतेय. हो, एकटी. नाही रे, मामा कुठे, तो तिकडे खांबाआड लपलाय, त्याला वाटतंय मला दिसत नाही. पाय? दुखतोय ना. दुखणारच. जिवंत आहे तो. तू जेवलास का? बरं, ठेव आता, दार उघडं बघून कोणीतरी येतंय."

खरोखरच कोणीतरी येत होते. हातात एक कोट होता, ज्याची बाही उसवलेली होती.

वाचकहो, कथा येथे संपते. रस्त्याच्या समोरच्या बाजूचे दुकानदार हल्ली आमच्याकडे पाहून नाके मुरडतात, आणि संध्याकाळी आमच्या बाजूने फिरावयास येतात. गेल्या आठवड्यात त्यांचीही एक सभा झाली व ती भांडणात मोडली. दुसरी सभा लवकरच ठेवलेली आहे, असे कळते. ताईला बोलावणे आले आहे. ती म्हणाली, बघते, हातात काम फार आहे.

माझे शिक्षण बेताचे आहे. अक्षरांशी माझा संबंध बोर्डापुरता, व बोर्डावर शब्द थोडे असतात. येथे पुष्कळ लिहिले गेले, त्यांत जे वेडेवाकडे असेल ते माझे, आणि जे सरळ असेल ते ताईचे. आपण आपला बहुमोल वेळ खर्चून एका सामान्य वाटेची हकीकत शेवटपर्यंत वाचलीत, त्याबद्दल मी आपला मनःपूर्वक ऋणी आहे.

आपला नम्र,
बाजारातला पेंटर
(ताईचा धाकटा भाऊ)